आपलं सोलापूर स्टेशन व्हीटीपेक्षा जुनं हाय का? मग राजवाडा एकट्या व्हीटीलाच का?

सातरस्ता_पोरगा

मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. मागच्या महिन्यात मेव्हण्याकडं मुंबईला गेलतो, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं, बायको पोरगी आणि सासूबाईंनी लेकासाठी दिलेला शेंगाचटणीचा पाच किलोचा डबा असा सगळा लवाजमा. संध्याकाळी मेव्हणा आम्हाला व्हीटीसमोर, म्हणजे आताच्या सीएसएमटीसमोर, घेऊन गेला, रात्रीची लायटिंग बघायला. पोरगी सहावीत आहे, तिनं मान वर करून बघितलं आणि म्हणाली बाबा हे स्टेशन हाय? मी म्हटलं हो की, सकाळी आपण इथंच उतरलो. ती म्हणाली नाही, आपण उतरलो ते वेगळं होतं, तिथं असलं काहीच नव्हतं. आता खरं सांगतो, मी वीसेक वर्षं कामानिमित्त जातोय येतोय पण त्या घुमटाखालनं मी स्वतः कधी गेलेलोच नाही, गाडीतनं उतरायचं, गर्दीबरोबर चालायचं, टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालायची, संपलं. म्हणजे पोरगी बरोबर होती काय?

वर मेव्हण्यानं टोमणा मारला, तुमच्या सोलापूरचं स्टेशन म्हणजे गोडाऊनला फलाट लावल्यासारखं दिसतंय म्हणे. मला लागलं ना बे. मी ठोकून दिलं की तुमचं व्हीटी बांधायच्या आधीपासून आमच्याकडं गाडी येत होती. बोललो खरं, पण पोटात गोळा, कारण खात्री काहीच नव्हती, लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं.

तर जाणकारांनी सांगा, मी बरोबर बोललो का फजिती होणार? आणि एकाच कंपनीची दोन्ही स्टेशनं असतील तर तिकडं एवढा थाट आणि आपल्याकडं साधं काम असं का? तेवढं कळलं की मेव्हण्याला उत्तर टाकतो.

कन्नाचौक_१

मुंबई ठाणे पहिली गाडी १८५३ ला, हे तर चौथीच्या पुस्तकात होतं बे. म्हणजे व्हीटी १८५३ चं. मेव्हणा जिंकला. गुमान डिस्को भजी खाऊ घाल त्याला.

लोको_काका

कन्नाचौक मालक, घाई करू नका. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुटली हे बरोबर, पण ती सुटली बोरीबंदरवरनं. तिथं तेव्हा साधं स्टेशन होतं, आज आपण जी बिल्डिंग बघतो ती नव्हतीच. त्या बिल्डिंगचं काम सुरू झालं १८७८ ला आणि दहा वर्षं चाललं. १८८७ ला राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं आणि १८८८ ला काम पुरं झालं.

आता आपल्याकडं बघा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जीआयपी म्हणायचे आमचे जुने लोक, तिची लाईन पुण्याच्या पुढं टप्प्याटप्प्यानं आली. १८५८ ला डिकसळपर्यंत, १८५९ ला कुर्डुवाडी, त्याला तेव्हा बार्शी रोड म्हणायचे, १८६० च्या जानेवारीत मोहोळ आणि ६ जून १८६० ला सोलापूर. म्हणजे व्हीटीचा पाया खणायच्या अठरा वर्षं आधी सोलापुरात इंजिनाची शिट्टी वाजलेली आहे. मेव्हण्याला बिनधास्त सांगा.

पण एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६० ला सोलापूरची गाडी आली खरी, पण तिच्यात बसून सरळ मुंबईला जाता येत नव्हतं. बोरघाट झालाच नव्हता! गाडी खंडाळ्यापर्यंत जायची. तिथं उतरायचं, बोजाबिस्तारा घेऊन घाट खाली उतरायचा, ऐपत असेल तर पालखी, नसेल तर पाय, खाली खोपोलीला परत दुसऱ्या गाडीत बसायचं आणि मग बोरीबंदर. खोपोलीपर्यंत गाडी १८५६ पासूनच येत होती. मधला घाटाचा तुकडा १८६३ ला सुरू झाला. म्हणजे तीन वर्षं आपले सोलापूरकर असे तुटक तुटक गेले. तुमचा पाच किलोचा डबा त्या घाटातनं उतरवायचा झाला असता तर सासूबाईंना दोन किलोच बास म्हटलं असतं तुम्ही.

मी चाळीस वर्षं इंजिनावर काढली, त्यातली बरीच ह्याच लाईनीवर. रिव्हर्सिंग स्टेशन मी बघितलेलं नाही, ते १९२९ ला बंद झालं, पण आमचे वडील पण रेल्वेतच, ते त्यांच्या उस्तादांकडनं ऐकलेलं सांगायचे. घाटात एका ठिकाणी जागाच नव्हती वळायला म्हणून गाडी पुढं नेऊन थांबवायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर, असा चढ. आजही मागनं बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावल्याशिवाय घाटात जड गाडी वर जात नाही.

सातरस्ता_पोरगा

काका दंडवत!! स्क्रीनशॉट मेव्हण्याला गेला. त्याचा रिप्लाय आला, "बरं. पण दिसायला गोडाऊनच."

आता कुणीतरी त्या दिसण्याचं बोला.

दगडविटा

मी आर्किटेक्ट आहे, मूळची सोलापूरची, लक्ष्मी पेठेतली, आता पुण्यात. मेव्हण्याच्या गोडाऊनवर मला बोलायचंच आहे, जरा लांबेल.

आधी तुमच्या पोरीचं. ती शंभर टक्के बरोबर आहे. व्हीटीला जुन्या भागात आता लोकल लागतात. लांबच्या गाड्यांसाठी १९२९ ला पूर्वेच्या अंगाला वेगळा भाग वाढवला, मोठा हॉल, वेगळे फलाट. सिद्धेश्वर, उद्यान, चेन्नईची मेल सगळ्या त्या बाजूला लागतात. त्यामुळं सोलापूरचा माणूस आयुष्यभर व्हीटीला जाऊनही व्हीटी बघत नाही. घुमट, कोरीवकाम, ते सगळं पश्चिमेच्या तोंडाला, महापालिकेच्या बिल्डिंगसमोर. आपण बाहेर पडतो ते बऱ्याचदा मागच्या पी डिमेलो रोडला नाहीतर बाजूनं टॅक्सी स्टँडला. तिच्या नजरेला दाद दिली पाहिजे, वीस वर्षांत तुम्हाला जे दिसलं नाही ते तिला एका दिवसात दिसलं.

आता थाट का, ते. लोकांचा एक गैरसमज असतो की ती बिल्डिंग म्हणजे स्टेशन. खरं बघितलं तर ती जीआयपीची हेडऑफिसची बिल्डिंग आहे. घुमट असलेला जो भाग आपण फोटोत बघतो त्यात साहेब लोक बसायचे, हिशोब व्हायचे, आणि आजही तिथं मध्य रेल्वेचं मुख्यालयच आहे. फलाट आणि त्यावरचं छप्पर त्याच्या बाजूला, वेगळं. म्हणजे मेव्हण्याला सांगा, आमचं गोडाऊनला फलाट लावलेलं असेल तर तुमचं ऑफिसला फलाट लावलेलं आहे.

दुसरं म्हणजे व्हीटी टर्मिनस आहे, गाडी तिथं संपते. रूळ संपतो, पुढं भिंत घालता येते, भिंत आली की दर्शनी भाग आला, म्हणजे वास्तुविशारदाला मिरवायला जागा. सोलापूर मधलं स्टेशन, गाडी एका अंगानं येते आणि दुसऱ्या अंगानं वाडी जंक्शनकडं निघून जाते. अशा स्टेशनची बिल्डिंग रुळाला समांतर लांबलचक पट्टीसारखीच होणार, तिकीट, मास्तरची खोली, वेटिंग रूम, पार्सल एका ओळीत. एक तोंड रस्त्याला एक तोंड फलाटाला, रुंदी मात्र कमी. असल्या बिल्डिंगवर घुमट चढवला तर तो टोपी घातलेल्या मालगाडीसारखा दिसेल. त्यात पहिल्या दहा पंधरा वर्षांत कंपनीचा सगळा जोर लाईन पुढं ढकलण्यावर होता, घाट, पूल, बोगदे. वाटेतल्या स्टेशनांना सावली पाहिजे, पाणी पाहिजे, आणि मालाला धक्का पाहिजे एवढंच बघितलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात, चव्वेचाळीसमध्ये, मला विचाराल तर घुमटापेक्षा फलाटावरचं लांब छप्पर कधीही भारी.

आता व्हीटीची बिल्डिंग. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. हा माणूस आधी सरकारी बांधकाम खात्यात होता. काम हातात आल्यावर युरोपात जाऊन तिथली स्टेशनं बघून आला. लोक म्हणतात लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनची नक्कल आहे, मला ते पटत नाही. गॉथिक आहे, व्हिक्टोरियन काळातली इटालियन वळणाची गॉथिक, पण अंगणाभोवती तीन बाजूंनी वेढलेला आराखडा, मनोरे, छोट्या घुमट्या, जाळ्या, हे आपल्या राजवाड्यांकडं झुकतं. त्याच्याबरोबर इथले इंजिनिअर होते, सहायक म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव आणि देखरेखीला एम. जनार्दन, ही नावं कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम घेतेय. कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. खर्च स्टेशनचा सोळा लाखांच्या आसपास, त्या काळचे सोळा लाख. दगड मालाडचा पिवळसर, नाजूक कोरायला पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड, आत इटालियन मार्बल.

कॉलेजात असताना आम्हाला आत नेलं होतं. घुमटाखालचा जिना बघून मी येडी झाले. एकेक पायरीचं एक टोक भिंतीत आणि दुसरं टोक हवेत, खाली आधार काही नाही. आमच्या सरांनी पायरीवर उभं राहून जोरात पाय आपटला आणि म्हणाले, बघा हलते का. मग वर बघा म्हणाले. वर बघितलं तर दगडी घुमटाच्या आठ बरगड्या वर जाऊन एका ठिकाणी मिळतात आणि मधल्या रंगीत काचांमधनं उजेड खाली पायऱ्यांवर. त्या घुमटाच्या डोक्यावर बाहेरनं जी बाई उभी आहे तिच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताजवळ चाक, ती प्रगती. स्वातंत्र्यदेवता नाही, अर्धी मुंबई तिला तेच समजते.

कन्नाचौक_१

मॅडम माफ करा, मी १८५३ वालं मागं घेतो. पण "टोपी घातलेली मालगाडी" हे मी आता ऑफिसात वापरणार.

मिलचा_भोंगा

सगळं वाचूलालो. कौतुक बास झालं जरा. राणीच्या नावाचा राजवाडा बांधला तो कुणाच्या पैशात? १८४९ च्या करारातच जीआयपीला पाच टक्के व्याजाची हमी दिलेली, लाईनीनं तेवढं कमावलं नाही तर उरलेलं सरकारी तिजोरीतनं. सरकारी तिजोरी म्हणजे कोण? सारा भरणारा कुणबी. लंडनला बसलेल्या भागधारकाला नफा व्हो का तोटा त्याचे पाच टक्के पक्के.

आणि लोको काका, घाटाचं सांगितलंत पण घाट फोडणाऱ्यांचं राहिलं. पंचवीस बोगदे, ते पण काळ्या दगडातनं, सुरुंग लावून हातानं. १८६१ च्या सुमाराला एका वेळी बेचाळीस हजार माणूस होतं कामावर. पटकी आली की माणसं पटापट जायची. कंत्राटदारसुद्धा टिकला नाही. पहिल्या फॅव्हिएलनं १८५९ ला काम सोडलं, दुसरा सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच मेला, मग त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढं चालवून घाट पुरा केला. तिचं तरी नाव सापडतं, बेचाळीस हजारातल्या एकाचं सापडत नाही.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये साचावर होते. ती मिल, शोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, मोरारजी गोकुळदासांची, १८७७ ला सुरू झाली. मुरारजी पेठ त्यांच्याच नावाची, रोज तिथनं जाणाऱ्यांना पण माहीत नसतं. रेल्वे आली १८६० ला, मिल आली १८७७ ला, मागोमाग. कापूस बाहेर न्यायला आणलेली गाडी, तिच्याच जिवावर कापूस इथंच कातायला लागले. त्याच सुमाराला, १८७६ ते ७८, मोठा दुष्काळ, ह्याच गाडीनं धान्य आलं असं म्हणायचं आणि ह्याच गाडीनं धान्य बाहेर गेलं असंही म्हणायचं, दोन्ही खरं. दुष्काळात पोट घेऊन मिलच्या दारात आलेली माणसं कुठनं कुठनं आली. तेलंगणातनं पद्मशाली विणकर आले. आज पूर्व भागात तेलुगू ऐकू येते तिचं मूळ मागावर आहे, आणि माग टिकले कारण सूत आणायला आणि चादर न्यायला स्टेशन होतं.

म्हणून मला आपलं साधं स्टेशन बरं वाटतं. उगाच नटलेलं नाही.

दगडविटा

भोंगा, पाच टक्क्यांचं आणि माणसांचं एकदम मान्य, त्यावर वाद नाही. पण कोरणारे हातही आपलेच होते ना, ते राणीच्या खात्यात का टाकायचे? व्हीटीच्या भिंतीवर निरनिराळ्या पागोट्यांतली माणसं कोरलीत. कंपनीच्या लोकांचे मुखवटे आहेत त्यात जमशेटजी जीजीभॉय आणि आपले नाना शंकरशेट पण आहेत. मोर आहेत, माकडं आहेत, वेलबुट्टी आहे. ते कोरताना जे. जे.च्या पोरांनी राणीकडं बघून कोरलं नाही, बाहेरच्या झाडाकडं बघून कोरलं. आणि राणीचा स्वतःचा पुतळा घड्याळाच्या खाली होता तो कधीच काढला, कोनाडा आता रिकामा आहे. लेकीला दाखवा तो रिकामा कोनाडा, मला सगळ्या बिल्डिंगमध्ये ती जागा सगळ्यात जास्त बोलकी वाटते.

गेटच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. दोघं एकाच मापाचे आहेत, हे काय कमी आहे!

मिलचा_भोंगा

मापाला एक, पगाराला नाही. चालू द्या.

कुर्डुवाडी_जंक्शन

अहो सोलापूरकर, जरा आमच्याकडंपण बघा. तुमच्या लाईनीवर तुमच्याआधी गाडी आमच्याकडं आली हे काकांनी लिहिलंच आहे, आठ महिने आधी. त्यात आमच्याकडं १८९७ ला बार्शी लाईट रेल्वे आली, अडीच फुटी रुळाची, एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजानं उभी केलेली. पुढं १९०६ ला पंढरपूर, नंतर लातूर, मिरज. आषाढीला डब्यांच्या टपावर माणसं असायची, आमच्या आजीनं तिचं नाव "माऊलीची गाडी" ठेवलेलं. ती चालत्या गाडीतनं उतरून शेतात जाऊन परत गाडीत बसायची असं सांगते, थोडं मीठ लावून सांगत असेल पण अगदीच खोटं नसणार, गाडीचा वेग मी स्वतः बघितलाय. आता ती लाईन मोठी झाली, छोटे रूळ गेले.

स्टेशनच्या थाटाचं म्हणाल तर तीन मापांची गाडी एका टापूत, कुर्डुवाडीला छोटी, मेन लाईनीवरची मोठी, आणि होटगीवरनं गदगकडं जाणारी मीटरची. असला थाट व्हीटीला होता काय?

लोको_काका

कुर्डुवाडीकर बरोबर बोलले. गदग लाईन मीटर गेज होती, १८८० च्या दशकातली, विजापूर बागलकोट करत जायची, ती पण आता ब्रॉडगेज झाली. माल एका मापाच्या डब्यातनं दुसऱ्या मापाच्या डब्यात हमालांनी पाठीवरनं टाकायचा, ती पोती मी बघितलीत.

आणि लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, सोलापूर अकरा वर्षं मध्य रेल्वेत नव्हतंच. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली तेव्हा आपलं डिव्हिजन तिकडं गेलं, हेडऑफिस सिकंदराबाद. २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत. माझ्या वडिलांच्या पासावर तेव्हा दक्षिण मध्य छापलेलं असायचं. आई म्हणायची घर न हलवता तुमची बदली झाली की ओ. तसं बघितलं तर चुकीचं पण नव्हतं, १८७१ ला लाईन रायचूरला जाऊन मद्रासच्या लाईनीला मिळाली, १८७४ ला वाडीवरनं हैदराबादकडं फाटा निघाला, तेव्हापासून सोलापूर हे दख्खनचं मधलं दार झालं. फलाटावर उभं राहिलं की अर्ध्या तासात चार भाषा कानावर पडतात.

जुन्या कामाचा नमुना बघायचा असेल तर स्टेशनपेक्षा डिकसळला जा. उजनीचं पाणी आलं तेव्हा लाईन बाजूला घेतली. भीमेवरचा जुना रेल्वेचा पूल तिथंच राहिला आणि त्यावरनं मग रस्त्याची वाहनं जायला लागली. ज्या दगडावरनं पहिल्या गाड्या सोलापूरला आल्या तो दगड तो आहे. मेव्हण्याला तिथं न्या, उतरून हात लावू द्या.

पार्कचौक_पाहुणा

विषय सोडून विचारतो, वंदे भारतनं जाणं परवडतं का सिद्धेश्वरच बरी? आईला न्यायचंय.

कन्नाचौक_१

धाग्याची वाट लावलीस. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून आहे, बसून जायचं, दिवसा पोचवते. आईला पाय पसरायला लागत असतील तर सिद्धेश्वर, रात्री झोपायचं सकाळी मुंबई. पुण्यालाच जायचं असेल तर हुतात्मा. हुतात्मा नाव का ते माहीत नसेल तर तेवढं तरी वाच, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१, येरवडा. गाडीत बसून पॉपकॉर्न खाणाऱ्या निम्म्यांना चार नावं येत नाहीत.

लोको_काका

हे मात्र मनातलं बोललात मालक.

सातरस्ता_पोरगा

सगळ्यांचे आभार, धागा बायकोलाही वाचून दाखवला. एक शंका उरली. दगडविटा मॅडम, लेकीला तो घुमट आतनं बघायचा असेल तर जाता येतं का? का ऑफिस म्हणून सिक्युरिटीवाला हाकलणार? आणि सिद्धेश्वरनं उतरल्यावर तिकडं जायचं कसं, बाहेरनं वळसा घालून?

आणि आपलं स्टेशन अमृत भारत योजनेत आहे म्हणे, म्हणजे आता त्याला पण नवं तोंड लावणार. त्याबद्दल तुमचं काय मत?

दगडविटा

घुमटाच्या बाजूला मुख्यालय आहे त्यामुळं वाटेल तेव्हा घुसता येत नाही, पण आत हेरिटेज म्युझियम आहे, तिकीट काढून ठरलेल्या वेळेत बघता येतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन परत यायला नको, आधी वेळ विचारून घ्या. म्युझियम जमलं नाही तरी एक जागा फुकट आहे. लोकलच्या तिकीट खिडक्यांचा जुना हॉल, त्याला स्टार चेंबर म्हणतात. छतावर निळ्यावर सोनेरी तारे आहेत. खाली माणसं सुट्टे पैसे मोजतात आणि वर कुणी बघत नाही. सिद्धेश्वरनं उतरलात की पूर्वेच्या गेटकडं जाऊ नका. फलाटाच्या टोकाला यायचं, मोठ्या हॉलमधनं लोकलच्या बाजूला चालत राहायचं, फलाटांचे नंबर उतरत उतरत एककडं यायला लागले की तुम्ही बरोबर चाललाय. सातच्या आत पोचलात तर गर्दी व्हायच्या आधी पंधरा मिनिटं निवांत मिळतील, लेकीला तिथं मधोमध उभं करा आणि वर बघ म्हणा.

ती बिल्डिंग २००४ पासून जागतिक वारशात आहे म्हणून तिला कुणी हात लावत नाही. आपल्या स्टेशनला ते कवच नाही. नवं तोंड लावायला माझा विरोध नाही, फक्त जुन्या भागात जे काही दगडाचं, लोखंडाचं, लाकडाचं उरलंय त्याचे फोटो आणि मापं आधी घेऊन ठेवावीत एवढंच. तुमच्यापैकी कुणाकडं घरच्या अल्बममध्ये स्टेशनवर काढलेला जुना फोटो असेल तर इथं टाका, लग्नाच्या वऱ्हाडाचा असला तरी चालेल, मला माणसांच्या मागची भिंत बघायची आहे.

लोको_काका

माझ्याकडं एक आहे. वडिलांच्या रिटायरमेंटचा, हार घातलेला, मागं इंजिन. भिंत पण थोडी दिसते. नातू आला की टाकायला लावतो, मला ते जमत नाही.

सातरस्ता_पोरगा

दिवाळीला परत जाणार आहोत, तिकीट काढलंय. मेव्हण्याला कळवलं की ह्यावेळी आम्हाला न्यायला गाडी घेऊन येऊ नको, साडेसहाला लोकलच्या तिकीट खिडकीपाशी ये, तुला तुझं स्टेशन दाखवतो. त्यानं विचारलं तिथं काय आहे? तीस वर्षं तिथनं पास काढतोय म्हणे.

शेंगाचटणीचा डबा ह्यावेळी पण पाच किलोचाच आहे, सासूबाई ऐकत नाहीत.